कूलर सुरू ठेवून

उमरेड,
८ जून २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

चि. पुढे सवयीनं सौ. लिहायला हात गेला आणि तिथंच थांबला. यापुढे नुसतं चि. लिहीन, लेकीला लिहितो तसं.

चेतनला जाऊन महिना झाला. तुझी सासू रोज एकच विचारते, की पोरीले नागपुरात एकटी काहून ठेवलं. मी म्हणतो, मयुरी कोणाचं ऐकणारी असती तर काय पाहिजे होतं! पण आता ऐक. पाचपावलीचं दुकान बंद कर. चेतननं घरचा विणकामाचा माग सोडून ॲक्रिलिकच्या ट्रॉफ्या आणि पाट्यांचा धंदा धरला, नाव कमावलं, मलाही अभिमान होता. पण ज्या खोलीत माझा मुलगा गेला तिथं माझी सून बसलेली मला सहन होणार नाही. डॉक्टर म्हणाले होते की तुकडे जोडायच्या त्या क्लोरोफॉर्मच्या वाफेनं आधी गुंगी येते, मग काळीज थांबतं, माणसाला कळतही नाही. ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही.

सामान विकून इकडे ये. आंब्याचं लोणचं तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही असं सासू म्हणते. मला तुझंही खारटच लागतं, पण ये.

तुझा,
बाबा (गुलाबचंद)

नागपूर,
१५ जून २०२५

ती. बाबांना मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

लोणच्याचं आईंना कळवू का? मग तुम्हाला वरण-भातावरच राहावं लागेल.

बाबा, दुकान बंद करायला माझं मन घेत नाही. रागावू नका, आधी कारण ऐका. यांची रीत अशी होती, की दोन तुकडे जोडायचे तर इंजेक्शनच्या सुईनं क्लोरोफॉर्म कडेला सोडायचे. कडा विरघळून एकजीव होतात. पण हवेत ओल असली की सांधा दुधासारखा पांढरा पडतो आणि गिऱ्हाईक माल परत करतं. म्हणून भर उन्हाळ्यात हे कूलर बंद ठेवायचे आणि खिडक्याही लावून घ्यायचे. मी ताक घेऊन गेले की म्हणायचे, दार लाव, ओल येते. त्या दुपारीही मी ताकच घेऊन गेले होते.

माझी बहीण ऋतुजा हिंगण्याच्या कारखान्यात यंत्रांवरची ॲक्रिलिकची झाकणं बनवते. तिनं मला दुसरी रीत शिकवली. एक गोंद असतो, तो सांध्यात भरून वर जांभळ्या उजेडाचा दिवा धरायचा, की थोड्याच वेळात सांधा पक्का. वाफ फारच कमी. हातात मोजे, डोळ्यांवर त्या दिव्यासाठीचा चष्मा आणि टेबलाशी हवा बाहेर फेकणारा पंखा, एवढं मात्र पाळायचंच. मोठ्या पेट्या तर गोंदाशिवाय, नुसत्या स्क्रूनं बांधता येतात.

आणि बाबा, या गोंदाला ओलीचं काही वाटत नाही. कूलर सुरू ठेवून काम होतं. पहिली ट्रॉफी मी कूलरसमोर बसून जोडली. सांधा काचेसारखा निघाला आणि ती हातात धरून मी खूप रडले. एवढंच तर पाहिजे होतं. हा गोंद इथल्या इतवारीच्या बाजारात मिळतो. यांना कोणी सांगितलंच नाही.

आईंना नमस्कार.

तुमची,
मयुरी

उमरेड,
२१ जून २०२५

चि. मयुरीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि रागानं फडताळात टाकलं. गोंदाचं आणि दिव्याचं मला सांगू नकोस. चेतनही असंच सांगायचा, की बाबा, काही नाही होत, नुसता वास आहे. पुतण्या देवाजीला पाठवतो आहे. तो दुकानाला कुलूप लावून तुला घेऊन येईल. हे सासऱ्याचं सांगणं समज.

गुलाबचंद

नागपूर,
२९ जून २०२५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

देवाजी भाऊजी आले तसे परत गेले. कुलूप टेबलावर ठेवून चहा घेतला आणि उघड्या दाराशी माझं काम पाहत बसले. म्हणाले की वहिनी, वास तर येऊनच नाही राहिला.

बाबा, उमरेडला आले तर तुम्ही मला जपाल, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या गल्लीत अजून तिघं जण दार लावून क्लोरोफॉर्मनं जोडतात. त्यांच्याही बायका ताक घेऊन जातात. मी तिघांनाही बोलावून ही रीत दाखवली. एकानं बदलली, दोघं हसले. मी गेले तर त्या दोघांना कोण सांगेल?

तरी तुम्ही नाही म्हणालात तर मी येईन. तुमचं मन मोडून त्या खोलीत बसणं मला जमणार नाही.

तुमची,
मयुरी

उमरेड,
६ जुलै २०२५

चि. मयुरीस अनेक आशीर्वाद.

देवाजीनं सगळं सांगितलं. तुझी सासू माझ्याशी अबोला धरून होती. काल बोलली ती एवढंच, की पोरीले करू द्या, ती दार उघडं ठेवून बसते ना. मी हरलो. दुकान चालव. त्या दोघांनाही सोडू नकोस. हसले तर हसू दे, पुन्हा बोलाव.

पण भीती गेलेली नाही, ती कशी जाईल? दुपार झाली की जीव वरखाली होतो. जन्मभर माग चालवून माझे कान गेले, फोनवर शब्द कळत नाही, म्हणून तर ही पत्रं. तरी एक कर. रोज काम आटोपून त्या खोलीतून बाहेर आलीस की मला फोन लाव. मी उचलणार नाही, तूही बोलू नकोस. फोन माझ्या बंडीच्या खिशात असतो. तो थरथरायचा थांबेपर्यंत मी त्यावर हात ठेवून बसेन.

म्हाताऱ्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा