दाराआडची खुर्ची

प्रिय सूनबाई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी दाराआड बसणारी बाई नाही," आणि खाडकन फोन ठेवलास. राग नाही हो आला. उलट मनात म्हटलं, शाबास! फोनवर मला धड बोलता येत नाही, कागद समोर असला की जीभ सैल होते. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव आणि वाच. तुमचा ड्रायव्हर पत्र घेऊन जायला थांबलाय, त्याचा चहा संपेपर्यंत मला सगळं सांगायचं आहे.

चौकात खाणकामगारांच्या बायका अजून बसून आहेत, असं रेडिओ सांगतोय. खाण कोसळली तरी आमची माणसं आत आहेत, ती बुजवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. उद्या त्यांच्यावर शिपाई घालायचे की नाही, हे अध्यक्ष म्हणून तुझा नवरा ठरवणार. चांगला वागला की तो माझा लेक, आडवा गेला की तुझा नवरा, ही आपली जुनी वाटणी. सध्या तो तुझा आहे.

तुझे सासरे अध्यक्ष झाले तेव्हा, आता तू राहतेस त्या घरात मी बुजऱ्या पाहुणीसारखी शिरले. शाळा अर्धवट सुटलेली, वाचायला शिकले ती ह्यांच्या वर्तमानपत्रांवर. जिन्यात सगळ्या अध्यक्षांच्या तसबिरी, त्यांच्या बायका मात्र मागच्या बोळात, इस्त्रीच्या खोलीकडे जाताना. पुस्तकांत तरी काय आहे त्यांच्याबद्दल? एकीनं गुलाब लावले, एकीनं झुंबरं निवडली. माझ्या नावावर स्वयंपाकघराच्या फरशा आहेत. त्यासुद्धा निसरड्या निघाल्या.

माझ्या आधीच्या अध्यक्षीणबाईंनी जाताना मला एकच खोली दाखवली, अध्यक्षांच्या कचेरीला लागून असलेली. दाराशी वेताची खुर्ची, तिच्यावर उशी. म्हणाल्या, "हिचा अभ्रा काढायचा नाही, आपला वरून चढवायचा. आम्ही सगळ्यांनी तसंच केलंय." उशी चांगली टरारून फुगलेली. मी टेकले मात्र, आणि अंगावर काटा आला. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं, ऊबसुद्धा होती. त्या म्हणाल्या, "होईल सवय. आणि हे बघा, पलीकडे कचेरीत फार झालं की खोकायचं."

एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर, सेनापती पलीकडे सांगत होते, "फक्त हो म्हणा साहेब, फौज सीमेपार गेलीच समजा." ह्यांचा 'हो' अगदी दातांपर्यंत आलेला. मला खोकला आला नव्हता, मी तो काढला. हे थबकले. पाणी मागवलं, सावकाश प्यायले आणि म्हणाले, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सीमेपलीकडचाच माणूस बोलणी करायला आला. आता पोरं शाळेत 'अध्यक्षांचा धीर' म्हणून तो धडा घोकतात. धीर कसला, घशातली खवखव! रात्री हे एवढंच म्हणाले, "औषध घे हो घशाला." त्यापुढे आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

मग माझ्या बहिणीचं ऑपरेशन झालं, मी तिच्याकडे राहायला गेले. परत आले तर जेवताना हे म्हणाले, "काल बरं झालं खोकलीस ते. भलतीच सही करून बसलो असतो." काल मी तिथे होते कुठे?

त्यानंतर मलाही ऐकू येऊ लागलं. कधी म्हातारा, कोरडा खोकला, कधी सर्दी झालेल्या तरुण बाईचा. मी स्वतःच्या तोंडावर हात दाबून बसायची, तरी पाठीमागे कुणीतरी घसा साफ करायचं. त्यांतली एक मात्र थांबतच नसे, जीव जाईस्तोवर खोकायची. पुढे म्हाताऱ्या आचाऱ्यानं सांगितलं, मोठ्या लढाईच्या वेळच्या अध्यक्षांची बायको ती. तिच्या नवऱ्यानं ऐकलं नव्हतं. घराघरातला कर्ता मुलगा गेला त्या लढाईत, तिचाही गेला. ती अजून नवऱ्याच्या त्या एका 'हो'च्या आधीच, तो अडवायला बसलेली आहे गं. मी वाडगाभर काढा नेऊन खुर्चीजवळ ठेवायची, दुसरं काय करणार?

आता मूळ गोष्ट. आज सकाळी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. "आई, तू कधी आलीस? मागच्या खोलीत खोकत होतीस, मला न भेटताच गेलीस?" मी इथे कुंड्यांना पाणी घालत होते. तसं सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, "त्या दारातून वारा येतो. उद्या गवंडी येऊन बुजवतील. तिलाही चालणार आहे." ती म्हणजे तू. घाबरलाय गं पोर माझा, आणि घाबरला की तो लहानपणापासून दारं लावून घेतो. तू दाराआड बसू नकोस, तुझंच खरं. पण गवंडी यायच्या आत एवढं कर. खुर्ची उशीसकट उचल, मधलं दार उघड, आणि मंत्र्यांसमोर, सगळ्यांसमोर ती त्याच्या टेबलापुढे ठेव. बस. चौकातल्या बायकांबद्दल जे मला फोनवर तावातावानं सांगत होतीस ना, ते मोकळ्या गळ्यानं त्याला सांग. आमच्यापैकी कुणालाच ते जमलं नाही. मग ते दार खुशाल बुजवू दे. आत कुणी उरलेलं नसेल.

तुझीच,
खोकून थकलेली सासू