साक्षीदाराची सही

६ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची! बांधाच्या टोकाला लाकडी खोली, आत टेबल, खाट, स्टोव्ह. एका खिडकीतून चिखलाचं अफाट मैदान दिसतं, दुसरीतून बांध. दोन्हींना डासांसाठी ठोकून बसवलेली तारेची जाळी. तीन महिने इथे बसून थंडीआधी येणारे पाहुणे पक्षी मोजायचे. ज्या कामासाठी लोक मला वेडी म्हणत, त्याचा आता चक्क पगार मिळणार!

सामान नावाडीकाकांनी आणलं. ते रोज एकदा फेरी मारतील. आधीचा निरीक्षक गेल्या हंगामात मध्येच गेला म्हणे. त्याची दुर्बीण अजून खिळ्याला लटकतेय. दुर्बीण विसरून जाणारा कसला निरीक्षक!

संध्याकाळी चिमीचा फोन. माझी ही धाकटी बहीण बालवाडीत शिकवते. तिच्या एका हाकेत चाळीस पोरं चिडीचूप होतात. अर्धा तास तोंडाचा पट्टा चालू होता. रविवारी येते म्हणाली.

९ ऑक्टोबर
चिखल्या तीनशे बारा, तुतवार सत्तेचाळीस. तुतवार शेपूट हलवत चालतो म्हणून ओळखू येतो, नाहीतर सगळे मेले एकसारखेच राखाडी.

नोंदवहीचा नियम मजेशीर आहे. दुर्मीळ पक्षी एकट्यानं पाहिला तर तो पाहिलाच नाही असं धरतात. एक सही पाहणाऱ्याची, एक साक्षीदाराची. इथे साक्षीदार कुठून आणू? बेडकाची सही घेऊ?

११ ऑक्टोबर, रविवार
चिमी आली नाही. सर्दी झालीय म्हणे. मी लटकं रागावले, खरं तर हिरमुसलेच.

१३ ऑक्टोबर
आज एक भलताच पक्षी दिसला. दुपारी दोन वाजता, चाळीस पावलांवर. तुतवाराएवढा. पाठ राखेसारखी, भिवई पांढरी, पाय शेवाळी. इथवर ठीक. पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना नाहीत, समोर आहेत, माणसासारखे. पापणी लवत नाही. तिन्ही पुस्तकं पालथी घातली, कुठेच नाही.

आणि ओरडतो कसा, तर एखादी बाई नवऱ्याला हाक मारते तसा: अहो... अहो... मला हसू आवरेना.

१४ ऑक्टोबर
कालच्या फोटोंत नुसता चिखल आलाय. फोटो नाही, साक्षीदार नाही, म्हणजे नोंद नाही. असा पक्षी जन्मात एकदा दिसतो, आणि ही नोंद झाली तर माझी नोकरीही कायम होईल.

केलं एकदाचं. साक्षीदाराच्या रकान्यात चिमीचं नाव लिहून तिची सही ठोकली. रविवारी ती येणारच होती की! वहीला काय कळतंय.

१६ ऑक्टोबर
आज तो 'अहो' म्हणाला नाही. 'ताई' म्हणाला. शेवटचा 'ई' लाडात लांबवून. अगदी चिमीसारखा.

लगेच तिला फोन लावला. तिनं उचलला, पण नुसता श्वास ऐकू आला. मग मेसेज आला: परवा दुपारपासून आवाजच निघत नाहीये, डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे.

परवा. मी सही केली ती दुपार.

१७ ऑक्टोबर
नावाडीकाकांना खोदून खोदून विचारलं. आधीचा निरीक्षक मध्येच गेला म्हणजे भर दुपारी सरळ चिखलात चालत गेला. कोणाला तरी 'आलो, आलो' म्हणत होता. एक बूट तेवढा सापडला. त्याची बायको येऊन दुर्बिणीखेरीज सगळं सामान घेऊन गेली, पण चकार शब्द बोलली नाही. दुःखानं वाचा बसली, असं सगळे समजले. त्याआधी ती इथे कधीच फिरकली नव्हती.

जुनी वही काढली. त्याच्या शेवटच्या पानावर तोच पक्षी. तेच डोळे. साक्षीदाराच्या रकान्यात बायकोची सही. त्याच्याच अक्षरात.

त्यानंही खोटी केली होती. देवा, मी काय करून बसले!

१८ ऑक्टोबर
दिवसभर हाक चालू. ताई, ये ना. ताई, पडले गं. लहानपणी गुडघा फुटला की अशीच रडायची. मी भानावर आले तेव्हा घोट्यापर्यंत चिखलात उभी होते.

काकांना सांगितलं, दाराला बाहेरून कुलूप घाला, किल्ली घेऊन जा, उद्या दुपारी उघडा. मी रडत होते म्हणून त्यांनी ऐकलं.

चिमीचा मेसेज: घरी जीव घाबरतोय, उद्या आठच्या बसनं तुझ्याकडे येते. दहा वेळा लिहिलं, येऊ नकोस. तिनं फोनच बंद केलाय. हट्टी कार्टी.

१९ ऑक्टोबर, सकाळ
तिचं नाव खोडलं. हाक थांबत नाही. पान फाडून जाळलं. तरी नाही. रकाना रिकामा चालत नाही बहुतेक — कोणाचं तरी नाव हवं.

नवं पान. पक्षी पुन्हा लिहिला. साक्षीदार: मी. निदान हे खोटं नाही, मी पाहिलाय त्याला. चिमीचा आवाज तिला परत मिळू दे —

हाक थांबली.

साडेदहा. फोन! चिमी बोलतेय! हसतेय, रडतेय, आवाज आला गं म्हणतेय, बांधावर पोचलेय म्हणतेय. मी तोंड उघडलं —

काहीच नाही. श्वास फक्त.

बाहेर, चिखलातून — माझा आवाज. चिमे, इकडे ये गं. चिमे —

ती दिसतेय. बांधावर थांबलीय. फोन पर्समध्ये टाकला. मेसेज केला, बघत नाही. खिडकीवर ताट बडवतेय, वारा उलटा — दार हलत नाही — जाळी निघत नाही —

बांध उतरली. हसतेय. आले गं ताई, म्हणतेय —

मोठ्या अक्षरात लिहून खिडकीला धरते. वर बघ. एकदाच बघ.

चिमे थांब
ती मी नाही
मी इथे, खिडकी