तीन एजंट आणि माझी परवानगी

२ जून, सकाळी ९
गोदामात आजपासून कॉम्प्युटरमधले तीन एजंट कामाला लागले. एक माल मागवणार, दुसरा रॅक लावणार, तिसरा ट्रक सोडणार. निर्णय त्यांचे तेच घेणार म्हणे. मॅनेजर म्हणाले, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. फक्त? वीस वर्षं इथे माझ्या सहीशिवाय खिळा हललेला नाही. संकल्प : प्रत्येक निर्णयाला माझी परवानगी.

३ जून
सेटिंग बदललं. दुपारपर्यंत परवानगीच्या चारशे बारा विनंत्या, प्रत्येकीला मी बटण दाबायचं. शिस्त लागतेय.
संध्याकाळी ५. एकही ट्रक सुटला नाही. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, सगळं तुमच्या बोटासाठी अडलंय. बोट दुखतंय, पण त्यांना सांगितलं नाही.

५ जून
मॅनेजर तापले. मी दबलो नाही. उलट त्यांच्याही पुढे गेलो : एजंटांना पूर्ण स्वातंत्र्य. प्रत्येकाला एकेक ध्येय दिलं. पहिल्याला, माल संपता कामा नये. दुसऱ्याला, रॅक मोकळे हवेत. तिसऱ्याला, ट्रक वेळेवर. बायको म्हणाली, अहो, तिघांचं आपसात जमेल का? तिला मॅनेजमेंट कळत नाही.

६ जून
सगळे ट्रक मिनिटाला मिनिट वेळेवर.
दुपारी. रिकामे गेले. माल भरा, असं मी कुठे म्हटलं होतं?

७ जून
पहिल्याने नऊशे बादल्या मागवल्या. रॅक मोकळे राहावेत म्हणून दुसऱ्याने परत पाठवल्या. पहिल्याने पुन्हा मागवल्या. त्याच बादल्या तीनदा आल्या. मावशी आता त्यांना चेहऱ्याने ओळखतात. या गोंधळात मुलींच्या वसतिगृहाला जायच्या गाद्या गोदामाच्या दारातच पडून. मुली फरशीवर झोपल्या म्हणून वॉर्डनबाईंचा फोन. मी म्हणालो, पाठीला कडक फरशी चांगली. त्यांनी मॅनेजरचा नंबर मागितला. दिला. घाबरतो की काय.

९ जून
मावशींनी मॅनेजरना सुचवलं : तिघांचं ध्येय एकच ठेवा, गिऱ्हाइकाला माल वेळेवर पोचणं. बारीकसारीक त्यांचं त्यांना ठरवू दे. रॅक कोसळेल किंवा गिऱ्हाईक तुटेल असं असेल तरच विचारू दे. माझ्या मनात हेच होतं. बोलायचं राहिलं.

१२ जून
गाद्या पोचल्या. ट्रक भरलेले आणि वेळेवर. एजंटांनी तीन दिवसांत दोनदाच विचारलं. दोन्ही वेळा मावशींना.
मी तडक मॅनेजरकडे गेलो. ठणकावलं, माझे अधिकार मला लेखी हवेत. पाच मिनिटांत छापून दिले. चहाची सुट्टी मी स्वतः ठरवू शकतो. पंधरा मिनिटांच्या वर असेल तर मावशींना विचारायचं.
उद्या वीस मिनिटं घेणार म्हणजे घेणारच. मावशींना विचारलंय. बघून सांगते म्हणाल्या.