फाईल शिवलेली आहे, उसवू नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा बुकबाइंडिंग, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. भरपाई कार्यालयाला तो पटेल असं नाही. त्यांना माझं काहीच पटत नाही.

१. वरच्या दोन खोल्या आणि खालचं दुकान सुनेला. माझ्या धाकट्या दिराने त्यावर डोळा ठेवू नये. मुलगा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी "वहिनी, आता घबाड मिळेल" असं तोच म्हणाला होता.

२. दाबयंत्र, सुया, पुठ्ठा कापायची सुरी नातीला. तिने घाईत सरस पातळ करू नये.

३. माझा मुलगा सैन्यात ड्रायव्हर होता. सोबत्याच्या बायकोचे दिवस भरले होते, म्हणून याने आपली मंजूर रजा त्याला दिली आणि त्याची गाडी स्वतः नेली. गाडी सुरुंगाने उडाली. रजेची अदलाबदल तोंडी झालेली; हजेरीच्या वहीत माझा मुलगा रजेवरच राहिला. मंत्री घरी येऊन भरपाई जाहीर करून गेले. मग पत्र आलं, रजेवरचा माणूस कामावर मरत नाही. रजेवर होता तर घरी का नाही आला, हे मी एकोणीस वर्षं विचारते आहे.

४. सुटे कागद त्यांनी दोनदा गहाळ केले. तेव्हा मी सगळी फाईल जाड दोऱ्याने शिवून टाकली. "मावशी, तेवढं एक पान सोडवून द्या ना," म्हणतात. द्यायचं नाही. समोर बसून वाचा म्हणावं. दावा सोडा, चौकाला मुलाचं नाव देतो, असंही म्हणाले. चौक नको. वहीतली ओळ दुरुस्त करा आणि कबूल केलेलं द्या, ती मेहेरबानी नाही. हा दावा मी सुनेला देते, तिच्यामागे नातीला. मी मेले म्हणून प्रकरण मिटलं, असं कोणी समजू नये.

५. मुलाचा तो सोबती दरवर्षी येतो आणि मान खाली घालून बसतो. बाबा रे, मान वर कर. माझा राग तुझ्यावर नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: आजचा सोमवार, कार्यालय उघडं असतानाचा.

सही.

साक्षीदार एक: वरील सोबती.

साक्षीदार दोन: त्याची मुलगी, वय एकोणीस पूर्ण, त्या रजेत जन्मलेली. सही करून म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी कार्यालयात मला न्या. बाबा तेव्हा कुठे होते ते मी सांगते."