पालखीचा पुढचा खांदा

र्युसेल्सहाइम, ४ मार्च २०२५

चि. सौ. स्नेहलता हिस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र सूनबाई नीता लिहितेय. माझी वाक्यं ती इस्त्री करते. कुठे सुरकुती दिसली तर ती माझी समज.

आमच्या गुरुदत्ताला जर्मनीचं नागरिकत्व मिळतंय. पुढच्या महिन्यात सही, मग भारतीय पासपोर्ट परत करायचा. पण मोटारींच्या कारखान्यातला एवढा इंजिनियर, ताटाकडे बघत नाही. मी म्हटलं, अरे, मी तर चुलीपुढून न उठता देश बदलला. गोवा सुटला त्या दिवशी आधण ठेवलं तेव्हा पोर्तुगीज होते, भात उतरवला तेव्हा भारतीय. भात तोच, करपलेला. तो ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘बरोबर, बरोबर’, म्हणतो नि उठतो.

शेवटी नीताकडून कळलं. आपल्या देवळाच्या फाटकावर पाटी आहे ना, परदेशी नागरिकांना आत प्रवेश नाही? वडील गेल्यापासून पालखीचा पुढचा खांदा गुरूचा. तो जाईल, ही धास्ती. सहीच करत नाही म्हणतो. मला अक्षर येत नाही, तरी ती पाटी ठाऊक आहे. तुझ्या यजमानांनीच रंगवलीय. भटजींना विचार. आणि भावोजींना सांग, ब्रश वाळू देऊ नका.

लोभ आहेच, भांडणापुरता तरी वाढव.

तुझी अक्का (अंगठा)

पेडणे, २० मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. म्हणतात, पाटी मी समुद्रावरून चड्डीत येणाऱ्यांसाठी रंगवली, भाच्यासाठी नव्हे. भटजींकडे गेले. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, देवी त्याला बारशापासून ओळखते, पाटीचं मी बघतो. मात्र पासपोर्टाबरोबर उंची बदलत नाही ना? जोडीचा हृषिकेश उंच आहे. गुरू बुटका झाला तर पालखी कलंडेल. तेवढं कळव.

आशीर्वाद असावेत, टोमणे बेताचे.

तुझी स्नेहलता

र्युसेल्सहाइम, २ जून

चि. सौ. स्नेहलता हिस आशीर्वाद. वि. वि.

गुरूने सही केली. जुना पासपोर्ट देताना रडला. नीता हे लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. नव्यासाठी मशीनवर बोटं टेकवली म्हणे. एवढा शिकला, शेवटी आईच्याच वाटेने गेला.

उंचीचं विचारलं होतंस. भारताच्या पासपोर्टात ती नव्हतीच. इथल्यात आहे: एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. भटजींना सांग, जर्मन सरकारने लिहून दिलंय, पालखी कलंडणार नाही. स्वतःच्या घरी यायला व्हिसा काढून जत्रेला येतोय.

काल त्याने दोनदा भात मागून घेतला. करपला होता, तरी.

माया आहे तशीच राहू दे. ती कुठे परत करायची नसते.

तुझी अक्का (अंगठा)