जास्वंदीचा भाऊ

प्रिय रोशनी,

जय भीम. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, जुळवून वाच.

इथे आपल्या कॅरी गावात सगळं जागच्या जागी आहे. रविवारी शेजारची सुहासिनी आली होती. म्हणे, एवढी शिकून पोरगी बेटावर माळीकाम करते? मी म्हटलं, तुझा निमिष दिवसभर खुर्ची उबवतो, पिल्लं निघाली का कधी? चहा अर्धा ठेवून गेली.

खरं सांगू, आधी मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या वर्षी तू मला तुझ्या कवाई बेटावर नेलंस आणि ते झाड दाखवलंस. म्हणालीस, आजी, ह्याच्या अख्ख्या जातीचं नावच ‘जास्वंदीचा भाऊ’, आणि जगात फक्त ह्या बेटांवर उगवतं. पाहते तर काय, विडीसारखी गुंडाळलेली हिरवट वाकडी कळी! म्हटलं, उद्या उमलेल. दुसऱ्या सकाळी गेले, तशीच. तिसऱ्या सकाळी मी झाडाला शिव्या घातल्या आणि तू पोट धरून हसलीस. ते फुललेलंच होतं, एवढंच फुलतं म्हणे. वाकड्या चोचीचा पक्षी मध प्यायला यायचा, त्याच्या मापाचं फूल. पक्षी जगातूनच गेला, फूल राहिलं.

मग तू ब्रश घेऊन पक्ष्याचं काम करायला लागलीस. ह्या फुलातला पराग त्या फुलात. डास चावताहेत, पाठ अवघडलीय, पण एक फूल सोडलं नाहीस. आम्हीही भोपळ्याचं नर फूल मादीवर टेकवायचो, पण आम्हाला भाजी मिळायची. तुझ्या झाडाचं फळ चुलीवर चढत नाही. तोंडावर मी काही बोलले नाही, कौतुकाने माणसं बिघडतात. पण इतक्या निगुतीने काम करणारं आपल्या घरात दुसरं कोणी नाही. त्यात मीही आले.

आता मुद्द्याचं. सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे हे बापाने तुला सांगितलं आणि तू तिकीट काढलंस. झाड आत्ताच फुलावर आहे आणि तुझ्या जोडीची मोनाली सुट्टीवर आहे, हेही त्यानेच मला सांगितलं. येऊ नकोस. मला इथे डॉक्टर आहेत, नर्सा आहेत, तुझे आईबाप आहेत, नको म्हटलं तरी सुहासिनी आहे. त्या झाडाला तू एकटी. वाचले तर फुलं सरल्यावर ये, भांडू. नाही वाचले तर तुझ्या बापाला बुद्धवंदना म्हणता येते, रडताही येतं. भीती वाटते का, विचारशील. वाटते. पण तू येऊन काय सुरी धरणार आहेस? तिकीट कॅन्सल कर.

तुझीच, अजून तरी खडखडीत,
अंजना आजी