पालखीचा पहिला खांदा

३० मार्च, पाडवा

पालखी यंदा आमच्या दारात येणार नाही! गुढी उभारून हात धुते न धुते तोच भगवान आला, गावच्या देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. आत ये म्हटलं तरी आला नाही. अंगणातूनच म्हणाला, ‘वहिनीसाहेब, सरदारांना सांगा. यंदापासून पालखी तुमच्या दाराशी थांबनार नाय. तुमी सुटलात.’

सुटलात म्हणे! कशातून?

यांनी पुरणपोळीला हात लावला नाही.

१ एप्रिल

घरात दुसरा विषय नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घराण्याचा इतिहास ऐकतेय — सनद, घोडी, खाडीवरची जकात. त्यात पालखीचा मान सगळ्यात वरचा. चैत्री पौर्णिमेला देव आधी आमच्या वाड्यावर येतो. दिवसभर मोठा दरवाजा सताड उघडा. त्याचा लाकडी अडसर काढून अंगणात ठेवायचा. घरातल्या कर्त्या पुरुषाने अनवाणी, बोडक्या डोक्याने बाहेर येऊन पहिला खांदा द्यायचा. हे सांगताना यांची छाती फुगते.

संध्याकाळी विश्वजीतचा खारघरहून फोन. चिरंजीवांना मानाचं काही नाही, पाहुण्यांची चिंता! वाड्यातल्या खोल्यांना एसी लावून होमस्टे काढलाय ना, आणि जत्रेला सगळ्या खोल्या बुक. ‘आई, पालखी हेच तर मेन अट्रॅक्शन आहे. बाबांना सांग, ईगो जरा बाजूला ठेवा.’ जसं काही माझं ऐकतात!

४ एप्रिल

जीव थाऱ्यावर नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. हे पडवीत येरझाऱ्या घालतायत. कोर्टात जाईन म्हणतात. आता देवालाही कोर्टात खेचणार!

६ एप्रिल

राहवेना. पनवेलला भाजी आणायला जाते असं यांना सांगितलं आणि सरळ भगवानच्या घरी गेले. म्हटलं, ‘आमचं चुकलं तरी काय? चारचौघांत हा अपमान कशासाठी?’ भगवान माझ्याकडे बघतच राहिला. ‘वहिनीसाहेब, तुमाला खरंच ठावं नाय?’

मग सांगितलं. यांच्या खापरपणजोबांच्या काळात उधाणाने बांध फुटला. खाडीचं पाणी गावात शिरलं. माणसं पोरांना कडेवर घेऊन वाड्याकडे धावली, कारण उंचावर तेवढं एकच घर. दरवाजा बंद. आतून अडसर. धान्य लुटतील म्हणून सरदारांनी उघडलाच नाही! बाहेरची माणसं दारावर हात आपटत राहिली आणि वाहून गेली. पाणी ओसरल्यावर गावाने दंड ठरवला. वर्षातून एक दिवस दार उघडं ठेवायचं, अडसर बाहेर ठेवायचा, आणि सरदाराने अनवाणी, बोडक्याने देवाला खांदा द्यायचा.

‘तो मान नाय, वहिनीसाहेब. दंड हाय. यंदा गावकीत ठरलं, किती पिढ्या घ्यायचा? पुरे झाला.’

तशीच घरी आले. भाजी राहूनच गेली.

८ एप्रिल

सांगू कसं? हा माणूस त्या एका दिवसावर वर्ष काढतो. तो दिवसच गेला तर यांच्याकडे उरेल काय? मला राग येतोय त्या मेलेल्या सरदाराचा. स्वतःचाही येतोय. चाळीस वर्षं तो अडसर मीच पुसून, हळदकुंकू लावून अंगणात मांडत आले. शी!

१० एप्रिल

विश्वजीतला सांगितलं. ऐकून म्हणाला, ‘पण गेस्टना काय सांगू?’ — माझाच मुलगा!

११ एप्रिल

आज सांगून टाकलं. दुपारची जेवणं झाली होती, हे सुपारी कातरत होते. कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

‘माहीत आहे,’ म्हणाले.

पहिल्यांदा खांदा दिला तेव्हाच वडिलांनी कानात सांगितलं होतं म्हणे. मी थक्क! मग इतकी वर्षं मान मान म्हणून मिरवलंत कशाला? कोर्टाची भाषा कशाला? आणि मला, बायकोला, एका शब्दाने नाही? हे उठून आत गेले. मला असा संताप आलाय की समोर बसवत नाही.

१२ एप्रिल, पौर्णिमा

पालखी खालच्या रस्त्याने निघाली. ताशा ऐकला आणि हे उठले. टोपी खुंटीवर, चपला दारात. मी मागोमाग धावले. भर गर्दीत हे पालखीला आडवे गेले. म्हटलं, आता भांडण!

हात जोडले. ‘भगवान, तुम्ही माफ केलंत. पण आमच्यातल्या एकाने तरी कधी माफी मागितली का? नुसते खांदे दिले, वर तो मान म्हणून मिरवला. आज मी मागतो.’

ताशा थांबला. मला रडू आवरेना.

भगवानने दांडीखालून आपला खांदा काढला. ‘या, दादा,’ म्हणाला.